अंगावरून वारं जातं तेव्हा



नाशिकला अशोकस्तंभापासून एक रस्ता पश्चिमेकडे निघतो. त्याचं नाव गंगापूर रोड. कॉलेज, बंगले, दवाखान्यांच्या पाट्या मागं टाकीत तो आनंदवल्ली, सोमेश्वर करून गंगापूर गावाला पोचतो, पुढं दुगाव-गिरणाऱ्याकडे जातो आणि तिथून हरसूलच्या डोंगराळ मुलखात शिरतो. टोमॅटोचे क्रेट, दूध, भाजीपाला या रस्त्यानं शहरात येतो. दुखणाईतही याच रस्त्यानं येतात. कोणी जीपमधून, कोणी १०८ नंबरच्या गाडीतून, तर कोणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून बसवलेला. या दुखणाइतांपैकी एकाविषयी मला आज बोलायचं आहे. ज्याला घरचे लोक म्हणतात, "ह्यांच्या अंगावरून वारं गेलं," त्याच्याविषयी.

या आजाराला आपल्याकडे नावं पुष्कळ. लकवा म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, पुस्तकात पक्षाघात लिहितात. आयुर्वेदानं त्याची गणना वातव्याधींत केली आणि लोकांनी वाताचं वारं केलं. शब्दावर माझा राग नाही. हजारो वर्षं माणसं पाहत होती ते एवढंच, की धडधाकट माणूस क्षणात एका अंगानं लुळा पडतो. मग वाऱ्यासारखं काहीतरी अदृश्य अंगावरून गेलं असं वाटलं, तर त्यात नवल काय? इंग्रजीत या आजाराला जो शब्द आहे, स्ट्रोक, त्याचा अर्थही तडाखा असाच आहे. अडचण शब्दाची नाही, शब्दापाठोपाठ येणाऱ्या समजुतीची आहे. वारं जसं आलं तसं जाईल, तोवर माणसाला पडू द्यावं, अंग चोळावं, ही ती समजूत. काही ठिकाणी अजून पारव्याचं रक्त लावायला नेतात. आणि या सगळ्यात जे घड्याळ पुढं सरकतं, तेच या दुखण्यात सर्वांत महाग असतं. ते का, हे कळायला मेंदूच्या रक्तपुरवठ्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

माणसाच्या मेंदूचं वजन दीड किलोच्या थोडं आतच. शरीराच्या वजनात हा हिस्सा शेकडा दोनाचा. पण हृदयातून जेवढं रक्त निघतं, त्यातलं शेकडा पंधरा ते वीस एकटा मेंदू घेतो. म्हणजे दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर. जिवंत माणसात हे माप पहिल्यांदा नीट घेतलं ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या दोघांनी, १९४५ च्या सुमारास. दात काढताना जो 'हसवणारा वायू' देत असत, तो नायट्रस ऑक्साइड त्यांनी थोडा हुंगायला दिला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात तो किती आणि मेंदूतून परत येणाऱ्या रक्तात किती, हे मोजून त्यावरून हिशेब काढला. युक्ती साधी, पण तिच्यामुळं मेंदूची भूक किती हे आकड्यांत आलं.

आता एवढं रक्त कशाला लागतं? कारण मेंदूजवळ कोठार नाही. हातापायांच्या स्नायूंत थोडी साखर शिलकीला असते; पुरवठा कमी पडला तरी ते काही वेळ तग धरतात. मेंदूचं तसं नाही. त्याचं रोज आणावं आणि रोज खावं. रक्त पूर्ण थांबलं तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात.

निसर्गानं याची थोडी तजवीज करून ठेवली आहे. मानेतून चार रोहिण्या वर मेंदूकडे जातात. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी. दोन पुढच्या बाजूनं, दोन मागच्या मणक्यांतून. मेंदूच्या तळाशी गेल्यावर त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. ऑक्सफर्डच्या टॉमस विलिस या वैद्यानं १६६४ साली त्याचं वर्णन केलं आणि ते कडं आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं. धरणाखालच्या पाटाचं पाणी ज्यांना मिळतं त्यांना हे लगेच उमजेल. एका बाजूचा पाट फुटला किंवा तुंबला, तर दुसऱ्या बाजूनं थोडं पाणी फिरवून आणता येतं, तशी ही जोडणी आहे. पण कड्याच्या पुढं ज्या फांद्या मेंदूत शिरतात, त्या चारीसारख्या. मोठ्या चारीत मधेच गाळ बसला, की खालच्या वाफ्यांना पाणी मिळायचं ते कडेकडेच्या पाझरातून, जेवढं मिळेल तेवढं.

पक्षाघाताचे प्रकार मुख्यतः दोन. एकात रक्ताची गुठळी नळीत अडकून नळी तुंबते. दुसऱ्यात नळी फुटून रक्त मेंदूत सांडतं. पुष्कळांना ठाम वाटतं की लकवा म्हणजे 'मेंदूत रक्तस्राव'. फुटण्याचा प्रकार आहेच. स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेफर यानं १६५८ साली प्रेतं तपासून तो दाखवून दिला. पण तुंबण्याचा प्रकार कितीतरी जास्त. मुंबईत डॉ. दलाल यांच्या पुढाकारानं २००५ आणि २००६ या काळात एका विभागातल्या दीड लाखांवर वस्तीतले सगळे पक्षाघात शोधून नोंदवले होते. आयुष्यात पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रुग्ण सापडले. त्यांत ३६६ जणांची नळी तुंबली होती, ८१ जणांची फुटली होती आणि ९ जणांचं निश्चित करता आलं नाही. आणखी एक आकडा त्याच पाहणीतला: महिनाभरात शेकडा तीस माणसं दगावली. ही मुंबईची गोष्ट, जिथं इस्पितळ हाकेवर आहे.

आता या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगतो. शिक्षकबंधुभगिनींना ती वर्गात सांगायलाही सोपी जाईल. ग्रहण शिकवताना आपण सावलीचे दोन भाग सांगतो. मधली दाट ती प्रच्छाया आणि तिच्या भोवतालची फिकट ती उपच्छाया. नळी तुंबल्यावर मेंदूत नेमकं असंच होतं. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे पन्नास मिलिलिटर रक्त लागतं. ते वीसच्या खाली गेलं की पेशी काम थांबवते, पण मरत नाही. दहाच्या आसपास किंवा त्याखाली गेलं की मरते. मधल्या प्रच्छायेतला भाग थोड्या मिनिटांत गेलेला असतो. भोवतालच्या उपच्छायेतला भाग मात्र कडेच्या पाझरावर जिवंत असतो. मुका, निकामी, पण जिवंत. पाणी तुटलेल्या वाफ्यातलं रोप जसं मान टाकतं, आणि वेळेत पाणी फिरवलं तर संध्याकाळी पुन्हा ताठ होतं, तसा. लंडनच्या संशोधकांनी माकडांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं आणि १९७७ साली त्यांनीच ग्रहणाचा हा शब्द मेंदूला लावला.

या एका शोधानं सगळा विचार बदलला. तोवर डॉक्टरही म्हणत, झालं ते झालं. आता देखभाल करा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच विषयावर कोणी भाषण केलं असतं, तर त्याला अंग कसं चेपावं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, एवढंच सांगता आलं असतं. रोग्याच्या लुळ्या हाताची मालकी उपच्छायेकडे आहे आणि ती वाचवता येते, हे तेव्हा माहीत नव्हतं. मात्र उपच्छाया थांबून राहत नाही. ती मिनिटामिनिटाला प्रच्छाया होत जाते. मोठी नळी तुंबली तर दर मिनिटाला मेंदूच्या सरासरी एकोणीस लाख पेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉ. सेव्हर यांनी २००६ साली मांडला आहे.

वाचवायचं कसं? आधी हे कळलं पाहिजे, की नळी तुंबली आहे की फुटली आहे. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात आणि उपाय मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं औषध फुटलेल्या नळीत दिलं तर माणूस जाईल. कितीही मोठा वैद्य नुसती नाडी पाहून हा फरक सांगू शकत नाही. तो सांगतं सी.टी. स्कॅनचं यंत्र. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरनं ते तयार केलं, १९७१ साली लंडनमध्ये त्यातून पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला आणि १९७९ साली हाउन्सफील्डला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणून म्हणतो, ज्या इस्पितळात हे यंत्र नाही, तिथं घालवलेला वेळ या दुखण्यात बहुतेक वायाच जातो.

मग १९९५ साली अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झालेले रुग्ण जास्त आढळले. धोकाही आढळला. शंभरांत सहांना मेंदूत रक्तस्राव झाला. औषध न दिलेल्यांत तो शंभरांत एकालाही नव्हता. धोका धरूनही हिशेब फायद्याचा होता, म्हणून औषध मान्य झालं. २००८ साली युरोपातल्या प्रयोगानं ही मुदत साडेचार तासांवर नेली. पण मुदत वाढली म्हणजे सवड मिळाली असं नाही. पुढं सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की तीन तासांच्या आत औषध दिलं, तर शंभरामागं दहा माणसं जास्त धडधाकट होतात. तीन ते साडेचार तासांत दिलं, तर पाच. म्हणजे उशिरानं निम्मा फायदा खाल्ला.

मोठ्या नळीतली मोठी गुठळी या इंजेक्शननं पुष्कळदा विरघळत नाही. तिच्यासाठी दुसरी युक्ती निघाली. जांघेतल्या रोहिणीतून एक बारीक लवचीक नळी मेंदूपर्यंत सरकवायची आणि गुठळी अक्षरशः ओढून बाहेर काढायची. हॉलंडमधल्या पाचशे रुग्णांच्या प्रयोगात, असं केलेल्यांपैकी शंभरांत तेहेतीस जण स्वतःचं स्वतः करू लागले. न केलेल्यांत एकोणीस. २०१५ सालापासून जगभर हे मान्य झालं. २०१८ साली आणखी कळलं, की काही निवडक रुग्णांत, ज्यांची उपच्छाया तपासणीत शिल्लक दिसते त्यांच्यात, चोवीस तासांपर्यंतही हे करता येतं. इंजेक्शनातही सुधारणा झाली. पूर्वीचं औषध तासभर ठिबकत द्यावं लागे. टेनेक्टेप्लेज नावाचं नवं औषध एकाच टोचणीत देता येतं. २०२२ साली कॅनडात ते जुन्याच्या तोडीचं ठरलं. आपल्याकडे पुण्यातही ते तयार होतं. दूरच्या रुग्णाच्या दृष्टीनं एका टोचणीची ही सोय मोठीच आहे.

नळी फुटलेल्यांना कोणी वाली नव्हता, पण तिथंही वाट निघाली आहे. २०२३ साली भारत धरून दहा देशांतल्या सात हजारांवर रुग्णांत असं दिसलं, की पहिल्या तासांतच रक्तदाब, साखर, ताप आणि रक्ताचा पातळपणा या चारही गोष्टी झपाट्यानं ताब्यात आणल्या, तर माणसं जास्त वाचतात. तेव्हा "मेंदूत रक्त सांडलंय, आता काय उपयोग" असं म्हणून घरी परत नेऊ नये.

आता गंगापूर रोडच्या त्या टोकाला जाऊ. गिरणाऱ्याच्या बाजूचा एक बागाईतदार कल्पनेनं समोर आणा. साठीच्या घरातला, घरात त्यांना आण्णा म्हणतात. द्राक्षबागेला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायचं म्हणून आण्णा नऊ-साडेनऊला झोपले, तीन वाजता उठले, मुलाला हाक मारून मोटार चालू केली, दोन शब्द बोलून परत येऊन पडले. पाचाला उठवायला गेले तर उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडं झालंय, बोलायला जातात आणि शब्द फुटत नाही. आई म्हणते, "रातभर गारठ्यात उभे राहिले, थंडी भरली आसंल. जरा पडू द्या." मुलगा म्हणतो, "आण्णा, चहा घेता का?"

इथं आण्णांच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लागतो, इस्पितळात नव्हे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार: "यांना शेवटचं नीट, धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिलं?" घड्याळ तिथून चालू होतं, आजार लक्षात आला तिथून नाही. मुलानं सांगितलं, "रात्री साडेनऊला झोपले, सकाळी असं झालं," तर डॉक्टरांच्या हिशेबी मुदत रात्री दोनलाच संपली. खास तपासणीशिवाय त्यांचे हात बांधले जातील. आणि त्यानं सांगितलं, "तीन वाजता माझ्याशी बोलले, मोटार स्वतःच्या हातानं चालू केली," तर साडेसातपर्यंत सवड आहे. रस्ता मोकळा असला तर गिरणाऱ्याहून शहरात अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. सव्वापाचला निघाले तर सहाला इस्पितळ, तपासणी होऊन पावणेसातच्या सुमारास इंजेक्शन. आणि चहा, मालिश, गावातल्या डॉक्टरची सलाईन, मग पाहुण्यांचा सल्ला असं करत आठला निघाले, तर तेच इस्पितळ, तेच डॉक्टर आणि तेच औषध असून उपयोग नाही.

ओळखायचं कसं, हे आता सांगायला हवं. दात दाखवायला सांगा; तोंडाचा एक कोपरा खाली लोंबतो का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात हळूहळू खाली येतो का पाहा. एक सोपं वाक्य म्हणायला सांगा. जीभ जड झाली आहे का, शब्द भलताच येतो का पाहा. तिन्हींपैकी एक जरी नवीनच, एकदम आलेलं असलं, तरी पुरे. तिन्हींची वाट पाहायची नाही. एकाएकी तोल जाणं, एका डोळ्याला किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, कधी झाली नव्हती एवढी भयंकर डोकेदुखी एकदम उठणं, हेही त्यातच येतं. वाक्य मात्र रोग्याच्या घरच्या बोलीत विचारा. हरसूल-पेठकडच्या कोकणी बोलणाऱ्या आजीला शहरी मराठी वाक्य म्हणायला लावून काही कळणार नाही. आजीची जीभ जड झाली हे डॉक्टरच्या आधी तिच्या नातवाला कळतं.

वाचेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं फार फसगत होते. हातपाय ठीक असतात, माणूस हिंडतो-फिरतो, पण एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, किंवा विचारलेलं त्याला कळतच नाही. घरची माणसं म्हणतात, बाहेरचं काही लागलं, आणि देवऋष्याकडे नेतात. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. पॅरिसच्या पॉल ब्रोका यानं १८६१ साली एक रुग्ण पाहिला, त्याला सगळं कळे, पण तोंडातून 'तान' एवढाच शब्द निघे. तो वारल्यावर डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवा हात गेला की पुष्कळदा वाचाही जाते. आणि एखाद्या वेळी नुसतीच वाचा जाते. तोही पक्षाघातच.

इस्पितळात पोचेपर्यंत काही गोष्टी करू नयेत. तोंडानं पाणी, चहा, गोळी, काढा काहीही देऊ नका. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असतात. पाणी श्वासनळीत जातं आणि नंतर न्यूमोनिया होतो. रक्त पातळ करणारी गोळी 'हार्टला चालते' म्हणून देऊ नका. नळी फुटलेली असेल तर ती घातक. आणि बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. याचं कारण मघाच्या पाटात आहे. मोठी चारी तुंबलेली असताना उपच्छाया जगते ती कडेच्या पाझरावर, आणि पाझर चालतो तो दाबावर. दाब एकदम पाडला तर उरलेलं पाणीही आटतं. दाब किती उतरवायचा, हे यंत्रानं मेंदू पाहिल्यावर ठरवायचं आहे. रोगी गुंगीत असला तर एका कुशीवर निजवा, म्हणजे लाळ बाहेर येईल, घशात जाणार नाही.

वाहनासाठी १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फोनवर "चक्कर आली" किंवा "तब्येत बिघडली" असं मोघम सांगू नका. "पक्षाघाताची शंका आहे, अमुक वाजेपर्यंत ठीक होते, सी.टी. स्कॅन असेल तिथं न्यायचं आहे," असं सांगा. जिथं नेणार त्या इस्पितळालाही निघतानाच फोन करा. हा फोन किती मोलाचा, त्याचा दाखला फिनलंडमध्ये आहे. हेलसिंकीच्या इस्पितळात १९९८ साली रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत १०५ मिनिटं जात. २०११ साली ती २० झाली. नवीन औषध काढलं नाही की मोठं यंत्र आणलं नाही. गाडीतून आधी फोन येऊ लागला, रोग्याची माहिती वाटेतच घेतली जाऊ लागली, आणि रोग्याला वॉर्डात न नेता त्याच स्ट्रेचरवरून थेट सी.टी.च्या टेबलावर नेऊन तिथंच टोचायला सुरुवात केली. शहाणपण एवढंच, पण जवळजवळ दीड तास वाचला.

आपल्या देशातही काही चांगलं चाललं आहे. हिमाचल प्रदेशात डोंगराळ जिल्ह्यांतल्या सरकारी इस्पितळांत मेंदूरोगाचे तज्ज्ञ नव्हते. तिथल्या साध्या डॉक्टरांनी सी.टी.चं चित्र मोबाइलवरून मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाला पाठवायचं, फोनवर सल्ला घ्यायचा आणि तिथंच इंजेक्शन द्यायचं, अशी व्यवस्था बसवली. आसामात दिब्रुगडला तर सी.टी.चं यंत्रच गाडीत बसवून ती गाडी रोग्याकडे नेण्याचा प्रयोग झाला. अशी गाडी पहिल्यांदा जर्मनीत २००८ साली निघाली होती. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या वाड्यापाड्यांकडे पाहिलं, की यांपैकी हिमाचलची रीत आपल्याला आधी परवडेल असं माझं मत आहे. गाडी महाग, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे.

कोणी म्हणेल, लकवा हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार, कष्टकऱ्याला कुठला? गडचिरोलीचा अनुभव उलटा आहे. 'सर्च' या संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या ८६ खेड्यांतले २०११ ते २०१३ अशा दोन वर्षांतले सगळे मृत्यू तपासले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातानं झाले होते, आणि मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. त्यातली शेकडा सत्त्याऐंशी माणसं घरीच वारली. जवळपास निम्मी तर झटक्यानंतर महिन्याच्या आत. त्यांच्यापुरतं तरी इंजेक्शन शोधलं गेलंच नव्हतं म्हणायचं.

झटका येण्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. उपकेंद्रात, आरोग्यवर्धिनीत फुकट मोजून मिळतो. तिशी उलटली की वर्षातून एकदा हात पुढं करावा. गोळी चालू झाली तर ती बरं वाटतं म्हणून सोडू नये. गोळी घेतली म्हणून तर बरं वाटत असतं. तंबाखू, विडी सोडावी, लोणचं-पापडाचं मीठ आवरावं, मधुमेह असला तर साखर ताब्यात ठेवावी. हे सारं आपण अनेकदा ऐकलं आहे, तेव्हा लांबवत नाही.

पण एक धोक्याची सूचना अशी आहे, की ती ऐकून लोक उलट निर्धास्त होतात. हात एकदम लुळा पडतो, वाचा जाते, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. घरात नारळ फुटतो. वास्तविक गुठळी आली, अडकली आणि आपोआप सुटली. जिथून ती निघाली ते कारण तसंच आहे. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली असे रुग्ण पाहिले. नेहमीच्या संथ चालीनं उपचार झाले तेव्हा तीन महिन्यांत शंभरांत दहांना खरा झटका आला. त्याच दिवशी तपासून औषध सुरू केलं तेव्हा शंभरांत दोघांना. तेव्हा उतरलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

शिक्षकमंडळींना एक काम सुचवतो. आपल्या गावाहून सर्वांत जवळ, रात्रंदिवस सी.टी. स्कॅन चालू असणारं आणि पक्षाघाताचं इंजेक्शन देणारं इस्पितळ कोणतं, हे एकदा जाऊन किंवा फोन करून विचारा. सरकारी कोणतं, खाजगी कोणतं, कोणत्या योजनेत बसतं, हेही विचारून घ्या. नाव आणि फोन नंबर मुलांकडून वहीत उतरवून घ्या आणि घरी भिंतीवर लावायला सांगा. त्याच कागदावर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चालू गोळ्यांची नावं लिहावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याखाली रेघ ओढावी, कारण गुठळीचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते पुष्कळदा तिच्यावरून ठरतं. नावं वाचता येत नसली तर रिकामी पाकिटं एका डब्यात ठेवावीत आणि निघताना तो डबा गाडीत घ्यावा.